शेल बदलला, चार्जर तोच राहिला

आपल्या वेळापुरात कुणी दुकानात जाऊन "विजेरी द्या" म्हणालं, तर दुकानदार त्याच्या तोंडाकडं बघत राहील. हल्लीची पोरं "टॉर्च" म्हणतात. पण चाळिशीच्या पुढच्या माणसाच्या तोंडात अजून एकच शब्द आहे, बॅटरी. "बॅटरी लाव रं", "बॅटरी घेऊन जा, अंधार पडलाय." आणि तिच्या पोटात जे असतं ते शेल. म्हणजे सगळं जग ज्याला बॅटरी म्हणतं त्याला आपण शेल म्हणतो, आणि ते ज्यात बसतं त्याला बॅटरी. या पोस्टमध्ये मी आपलेच शब्द वापरणार आहे. पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या घरातलं माणूस रात्री दारं धरायला जातं त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

आधी घरातली गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल. त्या आठवड्यात रानातली लाईट दिवसाची होती, त्यामुळं बॅटरीचं काही काम नव्हतं आणि ती दोन दिवस ओसरीवरच्या बोर्डातच खोचलेली राहिली. मागची झाकणी सरकवली की दोन पिना बाहेर येतात आणि थेट बोर्डात बसतात, तसली बॅटरी. पहाटे चारच्या सुमाराला फस्स असा आवाज झाला, आणि भुईनळा आडवा पेटवावा तशी ठिणग्यांची धार निघाली. बोर्ड वितळला. खुंटीवरचा सदरा पेटला. आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची बाज तिथनं पाच हातांवर होती. मी उठून पाण्याची घागर उचलली तर तेच ओरडले, "मेन बंद कर आधी!" मेन पाडला, मग पाणी ओतलं. कुणाला काही झालं नाही. भिंतीवरचा काळा डाग मात्र तीनदा रंग देऊनही वर येतो.

सकाळी तो जळका सांगाडा घेऊन मी दुरुस्तीवाल्या पोराकडं गेलो. सहा महिन्यांपूर्वी बॅटरी लागेना म्हणून त्याच्याकडंच दिली होती. त्यानं उघडून पाहिलं आणि सांगितलं, "दादा, आतली मूळची डबी गेली होती, म्हणून मी लिथियमचा शेल टाकला होता. सगळ्यांच्यात तोच टाकतोय. उजेड जास्त पडतो, गिऱ्हाईक खूश." त्याच्यावर मी रागावलो नाही. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. पत्रकारितेचा डिप्लोमा करून वीस वर्षं बातम्या लिहिणाऱ्या मला तरी कुठं माहीत होतं? मग विचारत गेलो, वाचत गेलो, आणि लक्षात आलं की आपल्या रानातल्या उजेडाला जवळपास शंभर वर्षांचा इतिहास आहे. आमच्या ओसरीवर जे घडलं त्याचं मूळ त्या इतिहासात सापडतं.

रात्री रानात जायची सवय आपल्याला लायटीनं लावली असं आपण समजतो. खरं तर ती कालव्यानं लावली. भाटघरचं धरण १९२८ साली पुरं झालं, नीरेच्या उजव्या कालव्याचं पाणी माळशिरस तालुक्यात फिरलं, आणि कोरड्या माळावर ऊस उभा राहिला. कालव्याचं पाणी पाळीनं मिळतं. पाळी रात्री दोन वाजता आली तर दोन वाजता पाटावर उभं राहायचं, नाहीतर पाणी पुढच्याच्या रानात जाणार. आमचे आजोबा अशा पाळ्यांना कंदील घेऊन जात. कंदील म्हणजे प्रभाकर कंदील. ओगलेवाडीच्या ओगले काच कारखान्यानं तो घराघरात पोचवला. कऱ्हाडजवळ, त्या वेळच्या औंध संस्थानानं दिलेल्या जागेवर १९१६ साली हा कारखाना उभा राहिला. स्वदेशीच्या दिवसांत परदेशी कंदिलाला टक्कर देणारी ती मराठी माणसाची वस्तू होती. आज ओगलेवाडी म्हटलं की नव्या पोरांना काही आठवत नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.

कंदिलाचा धोका डोळ्यांना दिसायचा. आत जाळ आहे, खाली रॉकेल आहे, हे लेकरालाही कळायचं. म्हणून घराघरात त्याचे नियम होते आणि ते न सांगता पाळले जायचे. पेटत्या कंदिलात रॉकेल ओतायचं नाही. गंजीजवळ ठेवायचा नाही. काच गरम असताना ओला हात लावायचा नाही. संध्याकाळी राखेनं काच पुसायची, वात कापायची, मग दिवा लावायचा. ही शिस्त कुठल्या शाळेत शिकवली नव्हती. आजीनं आईला सांगितलं, आईनं आम्हाला.

कंदिलानंतर शेलवाली बॅटरी आली. तिची जन्मकथा मजेशीर आहे. जॉर्ज लक्लांशे नावाच्या फ्रेंच माणसानं १८६६ मध्ये जस्त, कार्बन, मँगनीज आणि नवसागर वापरून वीज देणारा शेल केला, पण त्यात पाणी असायचं, आडवा केला की सांडायचा. पुढं १८८०च्या दशकात कार्ल गासनर या जर्मन डॉक्टरानं त्यातलं पाणी घट्ट करून कोरडा शेल बनवला, आणि वीज खिशात घालून फिरायची सोय झाली. हातात धरायच्या बॅटरीचं अमेरिकेतलं पेटंट डेव्हिड मिसेल यांच्या नावावर १८९९ चं आहे. तेव्हाचे शेल इतके दमलेले की दिवा सलग लागायचाच नाही, बटण दाबलं की क्षणभर चमकायचा आणि पुन्हा विसावा. म्हणून अमेरिकेत तिला अजून फ्लॅशलाईट म्हणतात. विलायतेत मशालीवरून टॉर्च म्हणाले. आपण सगळ्या यंत्राला बॅटरी म्हणून मोकळे झालो.

आपल्याकडं ही बॅटरी म्हणजे एव्हरेडी. कंपनी १९३४ ची, पुढं युनियन कार्बाइड इंडिया या नावानं वाढलेली. हो, तीच, भोपाळची. १९८४ च्या डिसेंबरात ज्या कारखान्यातल्या वायूनं हजारो माणसं मेली, त्याच कंपनीचे शेल आपल्या आजोबांच्या बॅटरीत होते. तेव्हा हा संबंध गावात फार कुणी जोडला नाही. १९९४ मध्ये अमेरिकी कंपनीनं आपला हिस्सा कोलकात्याच्या मॅक्लिऑड रसेलला विकला आणि कंपनीचं नाव एव्हरेडी इंडस्ट्रीज झालं. नावं बदलली, लाल शेल तोच राहिला. त्याच्याबरोबर निप्पो, नोविनो हेही दुकानात टांगलेले असायचे.

त्या शेलाचा स्वभाव गरीब होता. दीड व्होल्टचा एक. आत नवसागर, तोच जो कल्हईवाला तापल्या भांड्यात टाकायचा आणि पांढरा धूर निघायचा. त्यात पेटण्यासारखं फारसं काही नाही. शेल संपला की संपला, पुन्हा चार्जिंग वगैरे भानगड नाही. तरी आपण त्याच्याकडनं जास्तीचं काम काढून घ्यायचो. बॅटरी मंद झाली की शेल काढून पत्र्यावर उन्हात ठेवायचे. ऊन लागलं की आतली रासायनिक क्रिया जोर धरते आणि रात्री तासभर जास्त उजेड मिळतो. आमच्या लहानपणी जवळपास प्रत्येक पत्र्यावर वाळवणाशेजारी शेल असायचे. अगदीच मेलेला शेल फोडून आतली काळी कांडी काढायची आणि भिंतीवर स्टंप आखायचे. शेलानं सूड घेतलाच तर एवढाच की विसरून राहिला तर पाझरायचा आणि बॅटरीची स्प्रिंग खायचा. सत्तर-ऐंशी वर्षं अशा वस्तूबरोबर राहिल्यावर तिची भीती कशाला वाटेल? शेलाला कसंही हाताळलं तरी चालतं, हे आपल्या हाताला तेव्हापासून पक्कं ठाऊक झालं.

मग लोडशेडिंग आलं. ६ जून २००५ ला वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण जन्माला आली, आणि नेमकी त्याच वर्षांत टंचाई अशी वाढली की गावठाणात बारा-बारा तास अंधार. पुढं गावाची आणि शेतीची लाईन वेगळी केली. शेतीला थ्री फेज पाळीनं, कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा तास. कालव्याची रात्रपाळी पूर्वी कधीतरी यायची, आता मोटरीमुळं ती दर आठवड्याच्या हिशेबाला लागली. तीन शेलांची बॅटरी रोज वापरायची तर महिन्याला शेलांचाच खर्च जड होऊ लागला. आणि त्याच सुमाराला बाजारात आली चायनाची चार्जिंगची बॅटरी. बोर्डात खोचा, सकाळी काढा, शेल विकत घ्यायची कटकट नाही. बल्बच्या जागी पांढरे एलईडी आल्यामुळं थोड्या विजेत भरपूर उजेड. अकलूजच्या सोमवारच्या बाजारात ढीग लावून विकल्या गेल्या.

या बॅटरीच्या पोटात असायची शिशाची बारकी डबी, चार व्होल्टची. जात तीच, जी ट्रॅक्टरच्या बॅटरीत असते, शिसं आणि गंधकाचं आम्ल. हिचा स्वभावही तसा सोशिकच. जास्त चार्ज झाली तर आतलं पाणी उडतं, डबी फुगते, वर्षभरात मरते. रिकामी ठेवली तरी मरते. पण सहसा पेट घेत नाही. आणि हे माहीत असल्यामुळं बनवणाऱ्यांनी तिच्या चार्जिंगवर पैसाच खर्च केला नाही. आत एक कपॅसिटर, चार डायोड, एक लाल दिवा, बस. चार्जिंग पूर्ण झालं की थांबवणारं काहीच नाही. करंट बारीक असतो, पण तो चालूच राहतो, रात्रभर, दोन दिवस, बोर्डात आहे तोवर. शिवाय बोर्डातली २३० व्होल्टची वीज आणि आतली तार यांच्यात आडोसा नसतो, म्हणून अशी बॅटरी चार्जिंगला लावलेली असताना चालू करून हातात धरणं म्हणजे उघड्या तारेशी खेळ. हे मात्र सगळ्यांनी ध्यानात ठेवावं, आत शेल कुठलाही असो.

इथपर्यंत सगळं चाललं. मग लिथियम आलं, आणि ते दोन वाटांनी आलं.

लिथियम-आयन शेल हा माणसाच्या हुशारीचा कळस आहे, त्याला नावं ठेवायला मी बसलो नाही. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि जपानचे अकिरा योशिनो या तिघांच्या कामातून तो उभा राहिला. सोनी कंपनीनं १९९१ मध्ये तो बाजारात आणला, व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी. तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा गुडइनफ आजोबा ९७ वर्षांचे होते. बॅटरीत जो शेल बसतो त्याला १८६५० म्हणतात. हा मॉडेल नंबर वाटतो, पण ते माप आहे. जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, शेवटचं शून्य गोल आकारासाठी. अंगठ्यापेक्षा थोडा मोठा हा शेल एकटा सुमारे ३.७ व्होल्ट देतो, म्हणजे जुन्या अडीच शेलांचं काम.

पण त्याच्या आत नवसागराचं पाणी नाही. आत आहे पेट घेणारा द्राव, रॉकेलसारखाच जळणारा. आणि त्या द्रावात भिजलेले केसापेक्षाही पातळ असे पडदे, जे दोन टोकांना एकमेकांपासून लांब ठेवतात. हा शेल ४.२ व्होल्टपर्यंत भरायचा. तिथं थांबायचं म्हणजे थांबायचं. त्यापुढं वीज ढकलत राहिलं तर आत लिथियमचे थर साचतात, दुसऱ्या बाजूचं रसायन अस्थिर होऊन ऑक्सिजन सोडू लागतं, शेल तापतो, आणि एका ठरावीक गरमीनंतर तो स्वतःच स्वतःला तापवत जातो. मग बोर्डातनं काढला तरी उपयोग नाही. कंदिलाचा जाळ काचेत दिसत होता, हा पत्र्याच्या डबीत बंद असतो.

म्हणून लिथियमचा खरा चार्जर शहाणा असतो. सुरुवातीला ठरलेल्या करंटनं भरतो, ४.२ व्होल्टला पोचला की व्होल्ट तिथंच धरून करंट हळूहळू कमी करतो, आणि करंट अगदी थेंबाएवढा उरला की बंद. ऊस प्यालेला आहे की नाही बघून दारं मोडणाऱ्या माणसासारखा. आमच्या शिशाच्या बॅटरीतला कपॅसिटर म्हणजे पाट सोडून घरी झोपायला गेलेला गडी.

आता दोन वाटा म्हणालो त्या सांगतो. पहिली वाट सरळ. कंपनीनंच लिथियमचा शेल आणि त्याला लागणारं सर्किट बसवून बॅटरी बनवली, डोक्याला बांधायची हेडलाईट बनवली, बरोबर चार्जर दिला. दुसरी वाट आपल्या गावातली, जुगाडाची. शिशाची डबी मेली, नवी मिळेना किंवा महाग, आणि जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून काढलेले १८६५० शेल भंगारात स्वस्त. चार व्होल्टच्या जागी ३.७ व्होल्ट, उजेड तोच, वजन निम्मं. दुरुस्तीवाल्यानं दोन तारा जोडल्या आणि बॅटरी जिवंत झाली. शेल बदलला. चार्जर, तो कधीच न थांबणारा, तोच राहिला. आमच्या ओसरीवर त्या पहाटे एवढंच झालं होतं.

त्यात भंगारातला शेल म्हणजे आधीच थकलेला. कुणीतरी वर्षानुवर्षं वापरलेला, मग महिनोन्‌महिने रिकामा पडून राहिलेला. लिथियमचा शेल अडीच व्होल्टच्या खाली जाऊन पडून राहिला की आतलं तांबं विरघळतं, आणि पुन्हा चार्ज करायला गेलं की ते नको तिथं जमतं. वरून तो नवाच दिसतो.

असं काही आपल्याच नशिबी आलंय असंही नाही. २००७ चा ऑगस्ट आठवा. नोकियानं जाहीर केलं की बीएल-५सी नावाच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांत चार्जिंगच्या वेळी तापण्याचा दोष असू शकतो. त्या जपानच्या मात्सुशिता कंपनीनं बनवल्या होत्या. तेव्हा गावात निम्म्या लोकांकडं नोकियाच होता. लोक मोबाइल उघडून नंबर बघत होते, काहींनी तर भीतीनं मोबाइल बंदच ठेवले. एवढ्या मोठ्या कंपन्यांकडनं चूक होऊ शकते तिथं पाटीत विकायला ठेवलेल्या बिननावाच्या शेलाची काय कथा. आणि २०२२ च्या सप्टेंबरात वसईत जे झालं ते तर काळीज पिळवटणारं. इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी काढून रात्री घरात चार्जिंगला लावली होती, पहाटे तिचा स्फोट झाला, आणि सात वर्षांचं लेकरू भाजून काही दिवसांनी गेलं. स्कूटरची बॅटरी मोठी, आपला शेल एकटा, पण आतली वस्तू तीच, आणि वेळही तीच: सगळे झोपलेले असतात ती.

मग करायचं काय? मी जे शिकलो ते सांगतो.

पहिलं काम, बॅटरीत कुठला शेल आहे ते बघा. शेलावर ३.७ व्होल्ट किंवा ३.६ लिहिलं असेल तर तो लिथियम. ४ व्होल्टची चौकोनी, हाताला जड डबी असेल तर शिसं. मग चार्जर उलटा करून त्याच्यावरची बारीक अक्षरं वाचा, चष्मा लावून वाचा. एका लिथियम शेलाला थेट लागणारा चार्जर ४.२ व्होल्टचा. दोन शेल एकापुढं एक जोडलेले असतील तर ८.४ चा. मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर चालतो, पण फक्त अशाच बॅटरीला जिला मोबाइलसारखं यूएसबीचं भोक आहे आणि आत स्वतःचं चार्जिंग सर्किट आहे. मोबाइलच्या चार्जरची वायर कापून दोन टोकं शेलाला लावायची नाहीत. हे करणारे मी पाहिलेत, म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी फसगत गोल पिनेची. टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा अडॅप्टर, वायफायच्या डबीचा, हेडलाईटचा, सगळ्यांची पिन सारखीच दिसते आणि बऱ्याचदा बसतेही. पिन बसली म्हणजे चार्जर जुळला असं आपण धरतो. फवारणी पंपाचंही तेच. जुन्या पंपात १२ व्होल्टची शिशाची बॅटरी, तिचा चार्जर चौदा व्होल्टच्या पुढं जातो. नव्या पंपात लिथियमचे तीन शेल, ते १२.६ ला भरतात. दोन्हींवर "१२ व्होल्ट" लिहिलेलं. जुना चार्जर चांगला आहे, कशाला टाकायचा, म्हणून नव्या पंपाला लावला तर सगळा भरवसा आतल्या संरक्षक पट्टीवर, आणि स्वस्तातल्या मालात ती असेलच याची खात्री नाही. आमच्या घरी आता प्रत्येक चार्जरवर पांढरी पट्टी चिकटवून तो कशाचा ते लिहिलंय.

चार्जिंगला लावताना शहाबादी फरशीवर ठेवायची. गादीवर, बाजेवर, कडब्याजवळ नाही. जागं असताना लावायची. दोन-अडीच हजार एमएएचचा शेल एक अँपिअरच्या चार्जरवर तीन तासांच्या आसपास भरतो, रात्रभराची गरजच नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत चार्जिंगला लावू नका. शेलाच्या आतली गरमी ४५ अंशांच्या वर असताना चार्जिंग करू नये असं बहुतेक बनवणारेच सांगतात, आणि आपल्याकडं पत्र्याखाली तेवढं सहज होतं. आणि कृपा करून लिथियमचा शेल पत्र्यावर उन्हात ठेवू नका. आजोबांची ती सवय त्यांच्या शेलासाठी बरोबर होती. शेल फुगला, वरचं प्लॅस्टिक फाटलं, चार्जिंगला हाताला सोसवेना इतका तापला, तर त्याचं आयुष्य संपलं. सुटा शेल चिल्लर किंवा किल्ल्यांबरोबर खिशात टाकू नका, दोन टोकं जुळली की तिथंच पेटतो.

पेटलाच तर आधी मेन बंद, मग भरपूर पाणी, थंड होईपर्यंत. धूर छातीत जाऊ द्यायचा नाही, तो विषारी असतो. आणि विझला असं वाटलं तरी शेल उघड्या जागी लांब ठेवून द्यायचा, पुन्हा पेट घेऊ शकतो.

विकत घेताना आणखी एक. "९९०० एमएएच" लिहिलेला १८६५० शेल दिसला तर हसून पुढं जा. या मापाच्या चांगल्यातल्या चांगल्या शेलात साडेतीन हजारांच्या आसपासच मावतं. जो आकड्यात एवढं खोटं बोलतो तो आतल्या पडद्याच्या बाबतीत खरं बोलेल का? भारतीय मानक ब्युरोची नोंदणी अशा शेलांना सक्तीची आहे. मालावर आयएस १६०४६ हा आकडा आणि 'आर'पासून सुरू होणारा आठ आकडी नंबर असायला हवा. आता तुम्हीच आपल्या बाजारात फिरून बघा, किती शेलांवर तो आहे. मी बघितलं. हातगाडीवर एकाही नाही, दुकानात दोघांकडं. नियम दिल्लीत होतो, तपासायला वेळापूरच्या बाजारात कोण येतं? तसंच मेलेल्या शेलांचं. बॅटरी कचऱ्याचे नियम २०२२ पासून लागू आहेत, बनवणाऱ्यानं परत गोळा करायचे असं त्यात आहे. गावात असा डबा मला अजून दिसलेला नाही. शेल घंटागाडीत जातात किंवा ओढ्यात.

आषाढीत माउलींची पालखी माळशिरसहून आपल्या गावी मुक्कामाला येते तेव्हा तर प्रत्येक मोकळ्या बोर्डाला पाच-पाच एक्स्टेन्शन लागलेली असतात. मोबाइल, हेडलाईट, बॅटऱ्या, सगळं एका ढिगात, तंबूच्या कापडाला टेकून. वारकऱ्यांची सेवा म्हणून मंडळं हे करतात, मनापासून करतात. या वर्षी त्यांनी चार्जिंगची जागा तंबूबाहेर, फरशीवर ठेवावी आणि शेजारी एक जागा माणूस बसवावा, अशी विनंती मी प्रत्यक्ष भेटून करणार आहे.

पण मुळातला प्रश्न बॅटरीचा नाहीच. मध्यरात्री घोणस-मण्यारच्या रानात माणसाला जावं का लागतं, हा आहे. डिसेंबर २०२० मध्ये आपल्याच जिल्ह्यात करमाळा तालुक्यात बिबट्यानं तिघांचा जीव घेतला आणि शेवटी वांगीच्या शिवारात त्याला गोळी घातली गेली. त्या दिवसांत आपल्याकडंही कुणी बॅटरीशिवाय बांधावर पाय ठेवत नव्हतं. दिवसा वीज द्या म्हणून २०२२ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात राजू शेट्टींनी महावितरणच्या दारात ठिय्या दिला. सरकारनं २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आणली, उद्देश हाच की शेतीला दिवसा वीज मिळावी. काही फिडरांवर ती मिळतेही. ज्यांना मिळते त्यांच्या घरी बॅटरी खुंटीला लटकलेली असते, आणि ते बरंच आहे. ज्यांना मिळत नाही ते बॅटरी चार्ज करत राहणार. त्यांच्या डीपीवर दिवसाची लाईट कधी येणार याची तारीख मी गेल्या महिन्यात अधिकाऱ्यांना विचारली. उत्तर "प्रक्रियेत आहे" असं मिळालं. पुन्हा विचारणार आहे, मिळाली की इथंच लिहीन.

आमच्या घरी आता यूएसबीची बॅटरी आहे. आप्पा संध्याकाळचा चहा घेताना ती ओसरीच्या फरशीवर चार्जिंगला लावतात आणि जेवायला बसायच्या आधी काढतात. परवा शेजारचे काका त्यांची हेडलाईट आणि घरातले तीन चार्जर पिशवीत घालून घेऊन आले, यातला कुठला लावू म्हणून. आप्पांनी चष्मा काढून पुसला, एकेक चार्जर उजेडाला धरून वाचला आणि एक बाजूला काढून दिला. उरलेल्या दोघांपैकी एक टीव्हीचा होता, एक कशाचा ते कुणालाच सांगता येईना.

तुमच्याही घरी असे बेवारस चार्जर असतील. लेबलचा फोटो मला पाठवा, मी वाचून सांगतो, मला नाही समजलं तर समजणाऱ्याला विचारून सांगतो. आमच्या डीपीवर येत्या सोमवारपासून पुन्हा रात्रपाळी आहे, त्यामुळं त्याच्या आधी पाठवलेलं बरं.